नायजेल हॉथॉर्न : पन्नाशीला उगवलेला नट (सर हम्फ्री आणि त्याच्या पलीकडचं बरंच काही)

टेबलाखालचा | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. या विषयावर आधी धागा येऊन गेला असेल तर सांगा, हा उडवून टाकू.

झालं असं की गेल्या महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना दीड महिना घरात बसणं आलं. बाबा म्हणजे चौतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातला बराच काळ फाईलवर टिपण्या लिहिण्यात. मराठी सिरीयली त्यांना सहन होत नाहीत, बातम्या लावल्या की बीपी वाढतं. म्हटलं काहीतरी वेगळं दाखवू आणि 'येस मिनिस्टर' लावून दिली, म्हणजे मंत्री आणि त्याला गुंडाळणारा त्याचा सचिव सर हम्फ्री यांच्यावरची ब्रिटिश विनोदी मालिका. पहिल्या भागाला चक्क झोपले. तिसऱ्या भागाला सबटायटल मोठी करून मागितली. आणि मग एका ठिकाणी सर हम्फ्री काहीच न बोलता मंत्र्याकडे नुसता बघतो ना, म्हणजे तोंडावर "आपण म्हणाल तसं साहेब" आणि डोळ्यात "बघतोच कसं होतंय ते", तिथे बाबा म्हणाले, "हा माणूस आमच्या ऑफिसात काम करून गेलेला आहे."

तर हा माणूस, म्हणजे हम्फ्री करणारा नट नायजेल हॉथॉर्न, ऑफिसात कधीच नव्हता. त्याच्याबद्दल वाचत गेलो आणि पार गुंतलो, म्हणून हा प्रपंच.

जन्म ५ एप्रिल १९२९, कॉव्हेंट्री. वडील डॉक्टर, पोरगं तीन वर्षांचं असताना सगळं बिऱ्हाड उचलून दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला गेले. म्हणजे ज्याला आपण अस्सल ऑक्सफर्ड छाप इंग्रज बाबू समजतो तो वाढला, शिकला केप टाऊनमध्ये. १९५० मध्ये तिथेच व्यावसायिक नाटकात उभा राहिला आणि १९५१ ला लंडन गाठलं. आणि लंडनने त्याला काय दिलं? काहीही नाही. फुटकळ कामं, बराचसा काळ बेकार. कंटाळून परत केप टाऊनला गेला, तिथे कामं केली, १९६२ ला पुन्हा लंडन. मग जोन लिटलवुड बाईंच्या थिएटर वर्कशॉपमध्ये कामं, रॉयल कोर्ट, टीव्हीवर एकेका सीनचे रोल. 'डॅड्स आर्मी'च्या एका भागात (१९६९) तो आहे, भूमिकेचं नावच मुळी 'रागावलेला माणूस', सायकलवरून येतो आणि चिडतो, संपलं.

'येस मिनिस्टर'चा पहिला भाग बीबीसी टू वर लागला २५ फेब्रुवारी १९८०. एक्कावन्न व्हायला दीड महिना बाकी. आपल्याकडे या वयात लोक व्हीआरएसचा हिशोब मांडत असतात.

आता माझा खरा मुद्दा. या माणसाच्या करिअरमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा होते आणि ती वाचताना माझंच पित्त खवळत होतं. रोल हा घडवणार, नाटक हा चालवणार, आणि पिक्चर निघाला की रोल दुसऱ्याला. बघा :

१९७७ ला रॉयल शेक्सपिअर कंपनीचं 'प्रायव्हेट्स ऑन परेड', त्यात मेजर फ्लॅक. मलायातल्या ब्रिटिश फौजेचं गाण्याबजावण्याचं पथक आणि त्याचा हा कर्मठ देवभोळा साहेब. पुरस्कार मिळाला. १९८२ ला पिक्चर आला, मेजर फ्लॅक कोण? जॉन क्लीज.

१९८९ ला 'शॅडोलँड्स', लेखक सी. एस. लुईसचा रोल, आधी लंडनला, मग ब्रॉडवेवर, १९९१ चं टोनी अवॉर्ड (अमेरिकेतल्या रंगभूमीचा मोठा पुरस्कार). १९९३ ला रिचर्ड अटेनबरोने पिक्चर काढला, लुईस कोण? अँथनी हॉपकिन्स.

याच अटेनबरोच्या 'गांधी'त चंपारणच्या भागात हॉथॉर्न आहे बरं का, किनॉक नावाच्या इंग्रजाचा छोटासा रोल. म्हणजे छोटा रोल द्यायला माणूस आठवतो, मोठा रोल द्यायची वेळ आली की नाही.

तिसऱ्यांदा मात्र रोल त्याच्याकडेच राहिला, त्याबद्दल खाली सविस्तर लिहीन, आत्ता बाबा औषधासाठी हाका मारतायत. तोवर तुम्ही लिहा.

बोकोबा | रात्री ११:५८

मी पयला.

एक मिनिट एक मिनिट. हा तोच का 'डिमॉलिशन मॅन'मधला पांढऱ्या झग्यातला म्हातारा?? स्टॅलोन आणि वेस्ली स्नाइप्सवाला? कॉलेजात असताना केबलवर शंभर वेळा बघितलाय, मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही की तो सर हम्फ्री आहे 😂

टेबलाखालचा | रविवार, सकाळी ७:१५

होय बोकोबा, तोच. डॉ. कॉक्टो. १९९३. आणि तो पिक्चर त्याने का केला ते कळलं तर तुला आणखी मजा येईल. हॉलिवूडवाल्यांना तोंडओळख असावी, पुढे किंग जॉर्जचा पिक्चर (तोच वर म्हटलेला तिसरा रोल) निघाला तर "हा कोण बुवा" असं कोणी म्हणू नये, हा हिशोब. शूटिंग काही त्याला सुखाचं गेलं नाही. पण हिशोब बरोबर निघाला.

सुलूमावशी | सकाळी ८:०२

वा, रविवार सार्थकी लागला. मी 'येस मिनिस्टर' आधी वाचली आणि मग पाहिली, उलटा प्रवास. मालिकेवरून काढलेली ती जाडजूड पुस्तकं होती ना, मंत्र्याच्या डायरीच्या रूपात लिहिलेली, ती लायब्ररीतून आणली होती, पानं सुटलेली. वाचताना माझ्या मनातला सर हम्फ्री उंच, काडीसारखा आणि खडूस होता. प्रत्यक्षात पाहिला तर गोल चेहऱ्याचा, गालात हसणारा, जवळजवळ गोड माणूस! तीच तर गंमत आहे. खडूस नटाने केला असता तर दोन भागांत वीट आला असता.

आपल्याकडे २००१ च्या सुमारास स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली होती, आठवते का कोणाला? फारुख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंग आणि जयंत कृपलानी सचिव राजनाथ माथुर. फारुख शेख मला फार आवडायचा, पण सचिवाच्या लांबलचक वाक्यांची इंग्रजीत जी मजा आहे ती हिंदीत तेवढी जमली नाही. हिंदीत तसं बोललं की भाषण वाटतं.

अण्णा_फाईलवाले | सकाळी ९:३०

टेबलाखालचा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, गुडघ्याला जपा म्हणावं.

मी स्वतः शासकीय सेवेत होतो, खातं सांगत नाही. 'स्केलेटन इन द कबर्ड' हा भाग जरूर दाखवा त्यांना. तीस वर्षांपूर्वी कुणा अधिकाऱ्याने करारात गाढवपणा केल्यामुळे सरकारचे चार कोटी पौंड बुडालेत आणि तो अधिकारी म्हणजे खुद्द तरुणपणचा हम्फ्री निघतो. मग फाईलमधले कागद का नाहीत याची कारणं तयार होतात, त्यात काही पत्रव्यवहार १९६७ च्या पुरात गेला असं एक कारण असतं. आणि मंत्री विचारतो की तेव्हा हिवाळा फार वाईट होता का, तर कळतं की नाही नाही, छान होता, अडचणीचे पुष्कळ कागद वाहून गेले.

आमच्याकडे पूर नव्हता, वाळवी होती. एका प्रकरणात माहिती मागवली तर "सदर नस्ती वाळवीग्रस्त झाल्याने उपलब्ध होत नाही" असं उत्तर गेलं, ज्या कपाटात नस्ती होती ते कपाट गोदरेजचं होतं. लोखंडाचं. मी आवक-जावकला होतो, मीच क्रमांक टाकला त्या पत्रावर.

त्या भागात हॉथॉर्न जे करतो ते बघण्यासारखं आहे. एरवी माणूस कसा, पाठ ताठ, हात मागे. आणि आपली चूक बाहेर येणार म्हटल्यावर तो खुर्चीत हळूहळू लहान होत जातो. अक्षरशः लहान. मी असे साहेब लहान होताना पाहिलेत म्हणून सांगतो.

बोकोबा | सकाळी ९:४४

लोखंडाला वाळवी 😂😂 हहपुवा. अण्णा, वेगळा धागा काढा.

नाट्यवेडी | दुपारी १:२०

धागा आवडला, आता मी जरा लांबण लावणार आहे, आधीच माफी.

हम्फ्रीची पल्लेदार वाक्यं हा सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय, पण ती बोलायला नेमकं काय लागतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी हौशी राज्यनाट्यवाली, त्यामुळे माझं लक्ष तिथेच जातं. पहिली गोष्ट दमसास. ती मालिका स्टुडिओत जिवंत प्रेक्षकांपुढे व्हायची. तुकडे जोडून केलेलं नाही ते, समोर माणसं बसलीयेत आणि एका श्वासात चाळीस-पन्नास शब्दांचं, उपवाक्यांवर उपवाक्यं चढवलेलं वाक्य टाकायचंय. आपल्याकडे जुन्या नाटकातल्या नटांना हे यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे तो वाक्य कधीच घाईने म्हणत नाही. नीट ऐका, प्रत्येक उपवाक्याला वेगळा सूर आहे, त्यामुळे अर्थ कळला नाही तरी व्याकरण कानाला कळत राहतं, आपल्याला वाटत राहतं की आत्ता कळेल, आत्ता कळेल, आणि मग तो थांबतो आणि असा काही प्रसन्न हसतो की जणू सगळं सांगून झालं. प्रेक्षक हसतात ते शब्दांना नाही, त्या थांबण्याला.

तिसरी गोष्ट, टेबलाखालचा, तुमच्या बाबांना 'द मिनिस्टीरियल ब्रॉडकास्ट' दाखवा, 'येस प्राइम मिनिस्टर'मधला, मंत्री पंतप्रधान होतो ती पुढची मालिका. सक्तीच्या लष्करी शिक्षणावर जनमत चाचणी होते आणि ती अनुकूल येते, तर हम्फ्री पंतप्रधानाच्या खासगी सचिवाला, बर्नार्डला, म्हणतो, मग दुसरी चाचणी घ्या, प्रतिकूल येईल अशी. बर्नार्डला काही कळत नाही. मग तो समोर उभा करून त्याला प्रश्न विचारतो. तरुणांची बेकारी वाढतेय याची काळजी वाटते का, हो. गुन्हेगारी? हो. शाळांत शिस्त नाही? हो. मग सक्तीचं शिक्षण आणावं का? हो! आणि लगेच फिरून, युद्धाची भीती वाटते का, हो. पोरांच्या हातात बंदुका देणं धोक्याचं नाही का, आहे. मनाविरुद्ध शस्त्र घ्यायला लावणं चूक नाही का, आहे. मग सक्तीच्या शिक्षणाला विरोध आहे का? हो!! पूर्ण दोन मिनिटंही लागत नाहीत. यात हॉथॉर्न जवळजवळ कुजबुजतो, कसलाही अभिनय केल्याचं दाखवत नाही, एखाद्या चांगल्या मास्तरासारखा. सर्व्हे-बिर्व्हे वाचताना मला दर वेळी हा सीन आठवतो.

कटकट्या | दुपारी २:०५

सगळे आरत्या ओवाळतायत तर मी जरा पाणी ओततो. माझ्या मते त्या मालिकेत खरं अवघड काम पॉल एडिंग्टनचं आहे. हम्फ्रीला टाळ्यांची वाक्यं लिहून मिळाली होती, अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी ताट वाढून दिलं होतं. मंत्री जिम हॅकर मात्र एकाच वेळी मूर्ख, लबाड, भित्रा आणि तरी आपल्याला आपला वाटणारा, हे कुठल्याही संवादात नाहीये, ते एडिंग्टनच्या चेहऱ्यावर आहे. आणि बाफ्टा (ब्रिटनचा टीव्ही-सिनेमाचा मोठा पुरस्कार) मात्र चारही वेळा हॉथॉर्नला, एडिंग्टनला नुसती नामांकनं. तुम्ही वर अन्याय-अन्याय म्हणताय ना, मग हा पण एक मोजा.

नाट्यवेडी | दुपारी २:३१

कटकट्या, आयडी सार्थ केलात 😀 पण मुद्दा शंभर टक्के मान्य. समोरचा ऐकणारा चांगला नसेल तर पल्लेदार वाक्य हवेत जातं. एडिंग्टन ऐकतो फार सुंदर.

तरी "ताट वाढून दिलं होतं" याला माझी हरकत. 'द की' बघा. त्यात भाषणं कमी आणि हम्फ्रीकडून दहा नंबरमध्ये (पंतप्रधानाच्या घरी) थेट यायच्या दाराची किल्ली काढून घेतात. बस, एवढंच होतं. पण ज्या माणसाचं सगळं वजन एका दारातून न विचारता आत येण्यावर आहे त्याचं ते दार बंद झाल्यावर तो काय होतो! फोनवर विनवण्या, दार बडवणं, शेवटी खिडकीतून. पूर्ण पिसाटतो. हे संवादांनी होत नाही हो, साठीकडे झुकलेला माणूस अंगाने करतोय ते.

मराठवाडी_मिरची | दुपारी ४:१०

माझे दोन आणे. १९७८ ला ब्रिटनमध्ये 'एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन' ही मालिका आली होती, राजाने बाईसाठी गादी सोडली ती गोष्ट, एडवर्ड फॉक्स राजा होता. त्यात हॉथॉर्नने वॉल्टर मॉन्क्टन केलाय, राजाचा वकील. आता हा मॉन्क्टन कोण? तर आमच्या निजामाचा घटनात्मक सल्लागार! १९४७ ला भारत सरकारशी वाटाघाटी चालल्या होत्या, तो जैसे थे करार वगैरे, त्यात निजामाच्या बाजूने हाच. आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, त्यांच्या तोंडी "तो मंक्टन" असा उल्लेख यायचा आणि सोबत एक शिवी. मालिका बघताना मला सारखं वाटत होतं की हा हळू आवाजात बोलून राजाला गादीवरून उतरवतोय, पुढे हैदराबादला जाऊन निजामाला काय सांगितलं असेल. अवांतर झालं पण राहवलं नाही. 'येस मिनिस्टर'च्या आधी दोन वर्षं हा असला मवाळ, गोड बोलून काम साधणारा सल्लागार त्याने केला होता, म्हणजे हम्फ्री काही आकाशातून पडला नाही.

टेबलाखालचा | संध्याकाळी ६:२५

मिरचीताई (की दादा?), हे अवांतर नाही, हे सोनं आहे. मला हे माहीतच नव्हतं.

कटकट्या, एडिंग्टनबद्दल सहमत. आणि दोघांची एक गोष्ट सांगतो, त्यात दोघंही सारखेच अडकले होते. जानेवारी १९८४. मार्गारेट थॅचर या मालिकेची भयंकर फॅन. तिने एका पुरस्कार समारंभासाठी स्वतः छोटा प्रवेश लिहवून घेतला, ज्यात पंतप्रधान म्हणून ती स्वतः आणि समोर हे दोघं. विषय काय, तर देशातले सगळे अर्थतज्ज्ञ बंद करून टाका. दोघांनाही करायचा नव्हता, अंग काढून घ्यायचा प्रयत्न झाला, पण पंतप्रधानांना नाही कसं म्हणणार. केला बिचाऱ्यांनी. नंतर लेखक जोनाथन लिन बोलायला उभा राहिला आणि पंतप्रधानांनी विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपलं योग्य स्थान ग्रहण केल्याबद्दल त्याने त्यांचे आभार मानले. सभागृह कोसळलं हसून, एक व्यक्ती सोडून.

बोकोबा | संध्याकाळी ६:४०

त्यांचं काम एका ओळीत झालं 😆

अजून एक सापडलं. १९८२ ची 'बारचेस्टर क्रॉनिकल्स', हा त्यात आर्चडीकन ग्रँटली आणि त्याच्यासमोर तो तेलकट केसांचा पाद्री स्लोप कोण माहितीय? अ‍ॅलन रिकमन!! हॅरी पॉटरमधले स्नेप सर!! बायकोला दाखवलं, ती म्हणाली आता हे सगळं बघून संपेपर्यंत जेवायला बाहेर जाऊ.

आणि डिस्नेच्या 'टारझन'मधला जेनचा बाप, प्रोफेसर पोर्टर, तो आवाज पण याचाच. पोरीने ओळखला नाही, मी ओळखला. घरात आज माझा मान वाढलाय.

परदेशी_पाखरू | रात्री १०:५०

लेस्टरहून लिहितेय. धागाकर्त्याने "तिसऱ्यांदा रोल त्याच्याकडेच राहिला" म्हणून आमची उत्सुकता ताणून ठेवलीय आणि स्वतः थॅचरच्या मागे गेलेत, म्हणून मीच लिहिते, तो माझा लाडका पिक्चर आहे.

अ‍ॅलन बेनेटचं नाटक, 'द मॅडनेस ऑफ जॉर्ज द थर्ड', नॅशनल थिएटर, १९९१. दिग्दर्शक निकोलस हाइटनर. १७८८ ला राजा तिसरा जॉर्ज अचानक भ्रमिष्ट झाला, अखंड बडबड, झोप नाही, लघवी निळी. आता त्याला पोर्फिरिया नावाचा आजार असावा म्हणतात, त्यावर वाद आहेत, पण नाटक ते धरून लिहिलंय. हा राजा म्हणजे ज्याच्या हातून अमेरिका गेली तोच. पिक्चर करायचं ठरलं तेव्हा पैसेवाल्यांना मोठ्या नावाचा स्टार हवा होता, बेनेट आणि हाइटनर दोघंही अडून बसले की राजा करेल तर हॉथॉर्नच. म्हणजे जे क्लीज आणि हॉपकिन्सच्या वेळी कोणी केलं नाही ते इथे झालं. १९९४ ला 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज' नावाने आला. राणी हेलन मिरेन, युवराज रूपर्ट एव्हरेट, आणि राजाला ठिकाणावर आणणारा डॉक्टर विलिस म्हणजे इयन होम.

नावातून 'थर्ड' का काढलं यावर एक विनोद फिरतो की अमेरिकन प्रेक्षक म्हणतील आम्ही पहिले दोन भाग बघितले नाहीत. 'किंग' शब्द नावात हवा हे खरं कारण, पण तो विनोदही अगदीच खोटा नाही असं दिग्दर्शकच म्हणालाय.

एक सीन सांगते. विलिस राजाला खुर्चीत बांधतो. पट्टे आवळले जातायत, तोंडात बोळा, राजा ओरडतोय की मी इंग्लंडचा राजा आहे, डॉक्टर म्हणतो तुम्ही रुग्ण आहात, आणि त्याच वेळी मागे हँडलचं ते संगीत चढत जातं जे इंग्लंडच्या राज्याभिषेकाला वाजतं. सिंहासनाच्या जागी ती खुर्ची. हॉथॉर्नचा चेहरा तेव्हा बघवत नाही. आणि हा तोच माणूस ज्याच्याकडे पाहून आपण दहा वर्षं खो खो हसलो.

ऑस्करचं नामांकन मिळालं, घेऊन गेला टॉम हँक्स, 'फॉरेस्ट गम्प'साठी. पण ब्रिटनमध्ये बाफ्टा मिळालं.

आणि याच ऑस्करच्या सुमारास, १९९५ मध्ये, एका मुलाखतीवरून तो समलिंगी असल्याचं इथल्या पेपरांनी चव्हाट्यावर आणलं. लपवलेलं असं काही नव्हतं, त्याचा जोडीदार ट्रेव्हर बेंथम, नाटकात स्टेज मॅनेजर होता, दोघं १९७९ पासून एकत्र होते, गावाला माहीत होतं. पण पेपरात मथळे होणं वेगळं. साठी उलटलेला, आयुष्यभर स्वतःबद्दल कमी बोलणारा माणूस, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आनंदाच्या आठवड्यात दारावर फोटोग्राफर. तरी ऑस्करला गेला तो ट्रेव्हरला सोबत घेऊनच.

शांताराम_बोळ | रात्री ११:३०

लेख छान, पण नटाच्या खासगी गोष्टी कशाला? अभिनयावर बोला की.

परदेशी_पाखरू | सोमवार, मध्यरात्र उलटून

शांतारामभाऊ, मलाही तेच म्हणायचंय, तेव्हा पेपरांनी त्याच्या अभिनयावर बोलायला हवं होतं. पण त्याचं करिअर सांगताना हे गाळलं तर गोष्ट अर्धी राहते. ज्याला आयुष्यभर चारचौघांत एक चेहरा सांभाळावा लागला तो माणूस, आतलं काहीही बाहेर दिसू न देणारा बाबू इतका अचूक का करतो, हा विचार माझ्या डोक्यात आल्याशिवाय राहत नाही. पुढे त्याने आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव 'स्ट्रेट फेस', २००२ ला आलं, तो गेल्यानंतर. नावातच सगळा खट्याळपणा आहे.

नाट्यवेडी | सोमवार, सकाळी १०:१५

पाखरू, सुंदर लिहिलंस गं. त्या पिक्चरमध्ये बरा होत चाललेला राजा बागेत बसून 'किंग लिअर' वाचतो, स्वतः लिअर होतो आणि कॉर्डेलियाचं काम दरबारातल्या चान्सेलर थर्लोला करायला लावतो, तो म्हातारा घोगऱ्या आवाजात मुलीची वाक्यं म्हणतो. हसता हसता घशात अडकतं. सगळ्यांना वाटतं राजा आता स्वतःसारखा वाटतोय, तर तो म्हणतो, मी आजारातही मीच होतो, फक्त तसं दिसायचं कसं हे आता आठवलंय.

आणि मग नियतीची गंमत बघा, १९९९ ला खरोखरचा लिअर त्याच्याकडे आला. जपानी दिग्दर्शक युकिओ निनागावा, रॉयल शेक्सपिअर कंपनी, जपानमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये प्रयोग. समीक्षकांनी झोडपलं. म्हणे लिअरला जो प्रचंडपणा लागतो तो नाही, फार हळवा केला. तो त्याचा रंगभूमीवरचा शेवटचा रोल ठरला.

आपल्याकडे लिअरची सावली असलेला अप्पा बेलवलकर १९७० ला डॉ. लागूंनी उभा केला आणि २०१६ ला पिक्चर आला तेव्हा नाना पाटेकर. म्हणजे रोल घडवणारा एक आणि पडद्यावर दुसरा, हे काही लंडनपुरतं नाही. लागू 'गांधी'त गोखले होते, म्हणजे कागदावर का होईना, लिअरच्या वाटेवरचे दोन नट एका पिक्चरच्या श्रेयनामावलीत आहेत.

कटकट्या | सकाळी १०:४०

लागूंची तुलना नको हां. तिथे शेहेचाळीस वर्षांचं अंतर आहे, इथे चार-पाच वर्षांत रोल काढून घेतला. आणि हॉपकिन्स 'शॅडोलँड्स'मध्ये वाईट आहे असं कोणीतरी म्हणून दाखवा.

नाट्यवेडी | सकाळी १०:५२

वाईट कोण म्हणतंय? चांगला आहे, तेच तर दुखतं.

अण्णा_फाईलवाले | दुपारी १२:२०

गेल्या शतकातल्या वादात मी पडत नाही. 'द विन्स्लो बॉय' (१९९९) बघितला नसेल तर बघा. पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आरोपावरून पोराला नौदलाच्या शाळेतून काढतात आणि बाप ते मान्य करत नाही, घरदार गहाण पडायची वेळ येते तरी. हॉथॉर्न बाप आहे. एकदाच पोराला विचारतो, खरं सांग, आणि पोरगं नाही म्हणतं, आणि मग पुन्हा कधीही विचारत नाही. सगळं आयुष्य त्याने सरकारच्या बाजूने बोलण्यात घालवलं आणि शेवटी सरकारी शिक्क्याविरुद्ध भांडणारा बाप केला. मला फार बरं वाटलं.

त्याच वर्षी सर झाला ना तो? म्हणजे खराखुरा सर?

टेबलाखालचा | सोमवार, रात्री ९:०५

हो अण्णा, १९९९ ला नाइटहूड. सर हम्फ्रीला आधी, सर नायजेलला नंतर. आणि फार दिवस मिळाले नाहीत, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, २६ डिसेंबर २००१ ला घरीच हार्ट अटॅकने गेला. बहात्तर.

घरचा अहवाल : काल रात्री बाबांना 'मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज' दाखवला. पहिली वीस मिनिटं "अरे हा आपला हम्फ्री का? मग असा काय वागतोय?" चालू होतं. खुर्चीच्या सीनला गप्प झाले. आईने उठून दिवा लावला आणि बंद करा म्हणाली, बाबा म्हणाले राहू दे. लिअर वाचतात तो सीन मागे घेऊन दोनदा बघितला.

आज सकाळी फिजिओथेरपीचा मुलगा आला, चोवीस-पंचवीसचा असेल, गरीब पोरगं. त्याने नेहमीप्रमाणे खुर्चीत बसवून पायाला पट्टा बांधायला घेतला तर बाबा त्याला म्हणाले, "या डॉक्टर विलिस." त्याला काही कळलं नाही, म्हणाला काका माझं आडनाव वेगळं आहे. आईला इतकं हसू आलं की ती आत निघून गेली.

'द की' आज रात्री. आणि 'डॅड्स आर्मी'तला तो सायकलवाला अजून बघायला मिळालेला नाही, भागाचं नाव 'द आर्मर्ड माइट ऑफ लान्स कॉर्पोरल जोन्स' आहे, कोणाला दिसला तर इथे सांगा, बाबा रोज विचारतायत.

बोकोबा | रात्री ९:११

शोधतो. बायकोला सांगू नका.